पेरलेलं चित्र

भिंग जवळ नेलं आणि रेघ नाहीशी झाली.

नुसत्या डोळ्यांना ती अखंड दिसत होती. पेनच्या काळ्याभोर अंगावर वाऱ्याने वाकलेली गवताची एक काडी, केसाएवढी बारीक, सोनेरी. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं, तर तिथे रेघ नव्हतीच. सोन्याचे कण होते. मधे दाट, एकमेकांना खेटून बसलेले, कडेला विरळ होत गेलेले. काळ्या रानात कोणी एकच तास धरून सोनं पेरत गेलं असावं, तसे.

त्या दिवशी मला या कलेच्या नावाचा अर्थ खऱ्या अर्थाने कळला. जपानमध्ये हिला ‘माकी-ए’ म्हणतात. ‘ए’ म्हणजे चित्र, आणि ‘माकी’ ज्या क्रियापदातून आलं त्याचा अर्थ शिंपडणं, पेरणं. नाव लिहिताना जे चिन्ह वापरतात तेच बी पेरण्यासाठीही वापरतात. ओल्या रोगणाने चित्र काढायचं आणि ते ओलं आहे तोवर त्यावर सोन्याची पूड पेरायची, ही रीत जपानमध्ये हजाराहून अधिक वर्षं मुरलेली आहे. पेट्या, दौतीचे डबे, खोगिरं, देव्हारे यांच्यावरून फिरत फिरत ती सुमारे शंभर वर्षांपूर्वी फाउंटन पेनवर येऊन बसली.

मी अशी पेनं जमवतो. मोजून चार आहेत, आणि चौथं घ्यायला मला सहा वर्षं लागली. पण या चार पेनांनी मला झाडाच्या चिकापासून चंद्रावरच्या सशापर्यंत इतकं काही दाखवलं, की ते एकट्याने बघत बसणं बरं वाटत नाही.

बिब्ब्याचा भाऊबंद

माकी-एचं रान ‘उरुशी’ नावाच्या रोगणाचं असतं. उरुशी म्हणजे एका झाडाचा चीक. हे झाड चीन, कोरिया आणि जपानमध्ये वाढतं, आणि त्याचं कूळ ऐकलं की मराठी माणसाचे कान टवकारतात. ते आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळातलं आहे.

ज्याला एकदा बिब्बा उतला आहे, त्याला उरुशी वेगळी समजावून सांगायला नको. माझी आजी बिब्ब्याला हात लावण्याआधी बोटांना खोबरेल तेल चोपडायची आणि आम्हां पोरांना खोलीबाहेर काढायची. अंगावर उठणारे फोड, खाज, सूज, सगळं तिने पाहिलेलं होतं. आणि याच बिब्ब्याच्या रसाने धोबी कपड्यांवर खुणा करत. भट्टीत कितीही वेळा कपडा उकळला तरी ती खूण जात नसे. कातडीला लागला तर जाळतो, कापडाला लागला तर कायमचा बसतो. उरुशीचे नेमके हेच दोन गुण. दोन्हींतली दाहक द्रव्यं एकाच रासायनिक घराण्यातली आहेत. कोकणात काजूची बी फोडणाऱ्या बायकांचे हात ज्या तेलाने सोलून निघतात, तेही याच गोतावळ्यातलं. नातं इतकं जवळचं, की दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये काजूच्या टरफलातल्या तेलापासून उरुशीसारखं दिसणारं स्वस्त रोगण तयार झालं, आणि त्याला नावही ‘काश्यू’ असंच मिळालं. म्हणूनच पेन घेताना विक्रेता ‘उरुशी’ म्हणतो की ‘काश्यू’, हे कान देऊन ऐकावं लागतं.

आपल्या भाषेत ‘बिब्बा घालणे’ म्हणजे चांगल्या चाललेल्या कामात मोडता घालणे. त्याच कुळातला अंगावर उठणारा चीक घेऊन जगातलं सगळ्यात देखणं रोगण करावं, हे पहिल्यांदा कोणाला सुचलं असेल? उत्तर फार जुन्या काळात हरवलं आहे. जपानच्या फुकुई प्रांतात तोरिहामा इथे उरुशीच्या झाडाचा लाकडी तुकडा सापडला, तो सुमारे 12,600 वर्षांपूर्वीचा आहे. शेती यायच्या कितीतरी आधीपासून तिथल्या माणसांच्या आसपास हे झाड होतं.

चीक काढण्याची रीत पाहिली की काटकसर या शब्दाला नवा अर्थ येतो. झाड दहा-पंधरा वर्षांचं झालं की जूनमध्ये त्याच्या सालीवर पहिली आडवी खाच घेतात. मग चार-पाच दिवस थांबायचं. झाड जखम भरून काढायला चीक तयार करतं. मग पहिल्या खाचेच्या वर दुसरी, जरा लांब. पुन्हा थांबायचं. घाईने खाचा घेतल्या तर झाड थकतं आणि चीक आटतो. असं ऑक्टोबरपर्यंत चालतं. साऱ्या मोसमात एका झाडातून जेमतेम 200 ग्रॅम चीक मिळतो, पाण्याच्या एका पेल्याएवढा. त्यानंतर ते झाड तोडतात. बुंध्याला नवे धुमारे फुटतात, आणि पुढच्या पेल्यासाठी पुन्हा दहा-पंधरा वर्षं वाट पाहायची. इवाते प्रांतातलं जोबोजी हे आज जपानमधलं या कामाचं मुख्य ठिकाण. देशात निघणाऱ्या उरुशीतला मोठा वाटा तिथला. पण एकूण लागणाऱ्या उरुशीच्या मानाने तो थोडाच, बाकीची बहुतेक चीनमधून येते.

ओलीत वाळणारं रोगण

आता खरं नवल. आषाढात दोरीवर घातलेले कपडे तीन दिवस दमट राहतात, पापड मऊ पडतात, भिंतींना ओल येते. अशाच हवेत उरुशी सगळ्यात चांगली वाळते. कोरड्या, उन्हाच्या दिवशी ती चिकटच्या चिकट राहते.

कारण ती आपल्या जलरंगांसारखी, पाणी उडून गेलं म्हणून वाळतच नाही. चिकात मुख्य द्रव्य असतं उरुशिओल, आणि त्याच्यासोबत झाडाने दिलेलं एक विकर. हे विकर हवेतला ऑक्सिजन घेऊन उरुशिओलच्या रेणूंना एकमेकांत गुंफतं. पण त्याला काम करायला ओल लागते. ओल मिळाली की रेणूंची साखळी लांबत जाते, साखळ्यांचं जाळं होतं, आणि जे काल अंगावर फोड आणत होतं ते आज काचेसारखं कडक आणि निरुपद्रवी होऊन बसतं. जपानी रसायनशास्त्रज्ञ हिकोरोकुरो योशिदा यांनी 1883 मध्ये या विकराचं अस्तित्व दाखवून दिलं. विकरं म्हणजे काय हे जगाला नीटसं कळलेलं नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. पुढे त्याला ‘लॅकेज’ असं नाव पडलं. या नावामागे आणि इंग्रजीतल्या ‘लॅकर’मागे आपलीच ‘लाख’ आहे. आपली लाख किड्यापासून येते, उरुशी झाडापासून. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा यांवर चढते ती लाख वेगळी, पण शब्द तिचाच जगभर गेला.

म्हणून उरुशीच्या कारागिराकडे एक खास कपाट असतं. त्याला ‘फुरो’ म्हणतात. आतल्या फळ्या ओल्या करून ठेवायच्या, ऊब साधारण 25 अंशांच्या आसपास राखायची, हवेतली ओल 70 ते 80 टक्क्यांवर. बंद दाराआड एक छोटासा कायमचा पावसाळा. त्यात पेनचे लेप दिलेले भाग ठेवतात, आणि ओला लेप एका बाजूला ओघळू नये म्हणून ते फिरते ठेवतात. पेटीची बाजू सपाट असते, तिच्यावर लेप निवांत पसरतो. पेन गोल. त्याच्यावर ओल्या रोगणाला सतत घसरायची घाई असते.

आणि हा काळा रंग? मला वाटायचं, काजळी मिसळत असतील. पण चांगली काळी उरुशी करताना चिकात लोह मिसळतात. लोहाची उरुशिओलशी क्रिया होते आणि रोगण आतून, मुळापासून काळं होतं. रंगाचे कण त्यात नसतातच, म्हणून त्या काळ्याला तळ दिसत नाही. विहिरीत डोकावल्यासारखं वाटतं. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस एकत्र करून कापड काळं रंगवत, त्यातही लोहाची अशीच करामत असते. जुन्या पद्धतीची निळी-काळी लोहयुक्त शाईसुद्धा याच जातीची. अशी शाई मी पेनात भरतो, तेव्हा आतला काळा आणि बाहेरचा काळा एकमेकांचे सोयरे असतात. हे समजल्यापासून मला साधी शाई भरणंही समारंभासारखं वाटतं.

वाळलेली उरुशी किती चिवट असते याची एक गोष्ट जपानमध्ये आवर्जून सांगतात. 1873 मध्ये व्हिएन्नाला जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथून परत येणाऱ्या कलावस्तू ‘नील’ नावाच्या फ्रेंच जहाजावर होत्या. 1874 मध्ये हे जहाज जपानच्या इझु किनाऱ्याजवळ बुडालं. वर्षाहून अधिक काळ समुद्राच्या तळाशी काढून ज्या उरुशीच्या वस्तू वर आल्या, त्यांच्यातल्या कितीतरी जवळजवळ जशाच्या तशा होत्या.

पेन मळकं पडलं म्हणून

हजार वर्षांची ही कला पेनवर आली ती मात्र एका साध्या अडचणीतून.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेक पेनं एबोनाइटची असत. रबरात गंधक घालून ते तापवलं की हा टणक, काळा पदार्थ तयार होतो. हलका, कातायला सोपा, शाईला दाद न देणारा. दोष एकच. ऊन आणि हवा लागली की त्याचा काळा रंग विटतो, तपकिरी-राखाडी होतो, चकाकी जाते.

टोकियोच्या नौकानयन विद्यालयात शिकवणारे र्योसुके नामिकी आणि त्यांचे सहकारी मासाओ वादा यांनी 1918 मध्ये पेनची कंपनी काढली. तीच आजची पायलट. पायलट म्हणजे बंदरात जहाजाला वाट दाखवणारा वाटाड्या. समुद्राशी नातं असलेल्या माणसांना दुसरं कुठलं नाव सुचणार? विटणाऱ्या एबोनाइटवर त्यांनी उपाय शोधला तो घरातलाच. एबोनाइटवर उरुशीचा लेप पक्का बसवायची पद्धत त्यांनी विकसित केली आणि 1925 मध्ये तिचं पेटंट घेतलं. आता पेन काळं राहत होतं. आणि उरुशीचा काळा पृष्ठभाग समोर आला की जपानी कारागिराचा हात सोन्याच्या पुडीकडे जाणार, हे ओघानेच आलं.

1926 मध्ये नामिकींकडे गोन्रोकु मात्सुदा आले. जन्म कानाझावाचा, 1896 सालचा. सातव्या वर्षापासून घरात माकी-एचे धडे, मग टोकियोच्या कलाशाळेत शिक्षण. त्यांच्या नेतृत्वाखाली 1931 मध्ये पेनांवर काम करणाऱ्या कारागिरांचा ‘कोक्कोकाई’ हा गट उभा राहिला. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनच्या डनहिल कंपनीशी करार झाला होता. ‘डनहिल-नामिकी’ अशी दुहेरी नावाची पेनं युरोप-अमेरिकेच्या दुकानांत पोहोचली. आज संग्राहक ज्यांच्यासाठी लिलावांवर डोळे लावून बसतात, ती बहुतेक याच काळातली. मात्सुदांना 1955 मध्ये जपान सरकारने माकी-एसाठी ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. राजवाड्यांच्या आणि मंदिरांच्या वस्तूंवर काम करू शकणाऱ्या माणसाने आपली उमेदीची वर्षं खिशाला लावायच्या पेनसाठीही दिली, हे मला फार मोठं वाटतं. पेटी कपाटात राहते. पेन माणसाबरोबर घराबाहेर पडतं.

पेरणी, पुरणं आणि उगवणं

आता त्या गवताच्या काडीकडे परत येऊ. ती तिथे कशी आली?

आधी रान तयार होतं. एबोनाइटच्या नळीवर उरुशीचा पातळ लेप, फुरोत वाळवणं, कोळशाने घासून सपाट करणं, पुन्हा लेप. लेप द्यायचा रुंद कुंचला माणसाच्या केसांचा असतो, लांब केस लाकडी पट्ट्यांत पेन्सिलीतल्या शिशासारखे शेवटपर्यंत घातलेले. पुढचे झिजले की लाकूड तासून नवे काढायचे. घासायला वापरायचा कोळसाही ठरावीक झाडांचा, कारण साध्या कोळशातला एखादा कठीण कण आठवड्यांची मेहनत ओरबाडून टाकेल.

मग चित्र. पातळ कागदावर काढलेली आकृती आधी पेनवर उतरवतात. तिच्यावरून उंदराच्या पाठीच्या केसांच्या लांब, बारीक कुंचल्याने उरुशीची रेघ ओढतात. या उरुशीत लाल लोहभस्म मिसळलेलं असतं. एक तर काळ्यावर रेघ दिसावी म्हणून, आणि दुसरं, वरच्या सोन्याला खालून ऊब मिळावी म्हणून. सोनारसुद्धा दागिन्याखाली लाल कागद ठेवतो, तसंच काहीसं.

आणि आता पेरणी. बोटभर लांबीची एक नळी, वेळूची किंवा पक्ष्याच्या पिसाच्या दांड्याची, एका तोंडाला बारीक रेशमी जाळी. आत सोन्याची पूड. कारागीर नळी तिरपी धरतो आणि एका बोटाने हलकेच टिचकी मारत राहतो. जाळीतून सोनं झिरपतं आणि ओल्या रेघेवर पडून बसतं. टिचकी जोरात पडली तर दाट, हलकी पडली तर विरळ. धुक्यात विरत जाणारा डोंगर असा पेरला जातो, पायथ्याशी दाट आणि वर जाता जाता चार-दोन कणांवर आलेला. सोन्याची पूडही एकाच जाडीची नसते. पिठासारखी मऊ ते रव्यासारखी भरड, अशा कितीतरी प्रती. कुठे कोणती पेरायची, हे हाताला कळावं लागतं.

पेरून झालं की पुन्हा फुरोतला पावसाळा. मग सोन्यावर पातळ उरुशी देऊन कण पक्के करायचे, वाळवायचे, घासायचे. शेवटी हरणाच्या शिंगाच्या राखेने बोटाच्या पेराने घोटायचं. हे सरळ, सपाट चित्र म्हणजे ‘हिरामाकी-ए’.

मला वेड लावलं ते दुसऱ्या प्रकाराने. त्याचं नाव ‘तोगिदाशी’. यात चित्र पूर्ण झाल्यावर कारागीर त्यावर काळ्या उरुशीचा थर चढवतो. सगळं सोनं पुरून टाकतो. पेन पुन्हा कोरं काळं. मग कोळशाने घासायला घेतो, फार हळू, आणि काळ्याच्या आतून चित्र वर यायला लागतं. आधी सोन्याचा एखादा ठिपका, मग पान, मग फांदी. पेरणीनंतर रानात पहिला कोंब दिसावा, तसं. एक हात जास्त फिरला तर सोनं घासून जाईल, एक कमी पडला तर चित्र अंधारातच राहील. कुठे थांबायचं हे सांगणारं कुठलंही माप नाही. पूर्ण झालेल्या पेनवरून बोट फिरवलं तर सोनं कुठे सुरू झालं आणि काळं कुठे संपलं, हे बोटाला कळत नाही.

तिसरा ‘ताकामाकी-ए’, म्हणजे उठावाचं चित्र. उरुशीत कोळशाची किंवा मातीची पूड मिसळून आधी आकार उंच करायचा आणि मग त्यावर सोनं. अजगराचे खवले, कोंबड्याचा तुरा असे बोटाला लागतात. आणि उठाव व तोगिदाशी एकत्र करणारं काम सगळ्यात अवघड मानलं जातं. डोंगर उंच असतो, पण त्याचा उतार नकळत जमिनीत विरतो. अशा एका पेनला महिनोन्महिने लागतात.

एक अडचण मात्र उरुशीला स्वतः सोडवता येत नाही. ती मुळात तपकिरी असल्यामुळे तिच्यात शुभ्र पांढरा रंग होत नाही. पांढरं घातलं तरी दुधाळ पिवळसर छटा येते. मग बगळ्याचा किंवा बर्फाचा पांढरा कुठून आणायचा? लाव्याच्या अंड्याचं कवच बारीक बारीक तुकडे करून एकेक तुकडा चिमट्याने बसवतात. निळ्या-हिरव्या झळाळीसाठी शिंपल्याचे पातळ काप. त्या शिंपल्यात रंगद्रव्य नसतं. अतिशय पातळ थरांवरून परतणारा उजेड एकमेकांत मिसळतो आणि आपल्याला रंग दिसतो. म्हणून पेन जरा फिरवलं की निळी लाट हिरवी होते.

ओळखीचा ससा, ओळखीची देवी

माझ्या पहिल्या पेनवर गवत आणि चंद्र आहेत. शरद ऋतूचं हे जपानी चित्र. दुसऱ्या पेनवर त्याच चंद्राखाली ससा आहे. जपानी मुलांना चंद्रावर तांदूळ कुटणारा ससा दिसतो. आपण चंद्राला शशांक म्हणतो ते त्याच सशामुळे. पाहुण्यासाठी स्वतःला आगीत झोकून देणाऱ्या सशाची जातककथा बौद्ध ग्रंथांबरोबर जपानला गेली आणि तिथल्या जुन्या कथासंग्रहांत जाऊन बसली. एवढा लांबचा प्रवास करून तो ससा एका पेनच्या टोपणावर बसलेला मी पाहिला, तेव्हा गावाकडचा माणूस परदेशात अचानक भेटावा तसं झालं.

असंच झालं सात भाग्यदेवतांच्या बाबतीत. त्या माकी-एचा आवडता विषय आहेत. त्यांतली एकटी देवी बेंझाइतेन, हातात वीणेसारखं वाद्य घेतलेली. ती मुळात आपली सरस्वती. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेलेली. दसऱ्याला पाटीवर आकड्यांची सरस्वती काढून तिला झेंडूची फुलं वाहिलेल्या माणसाला, तीच देवी सोन्याच्या कणांत पेनवर बसलेली दिसली, तर दोन हात आपोआप जुळतात. लिहिण्याच्या साधनावर वाणीची देवता. तिच्यासाठी याहून योग्य जागा मला तरी सुचत नाही.

जमवताना

कोणी विचारलं, सुरुवात कुठून करू, तर मी सांगतो, आधी चित्र नसलेलं पेन घे. ‘तामेनुरी’ नावाचा एक साधा प्रकार असतो. खाली लाल थर, वर पारदर्शक तपकिरी उरुशी. लांबून पेन काळपट दिसतं, पण कडांना, जिथे वरचा थर पातळ बसतो, तिथे आतला लाल निखाऱ्यासारखा उमटतो. असं एक पेन वर्षभर वापरलं की बोटांना उरुशी कळायला लागते. ती काचेसारखी थंड नसते आणि प्लास्टिकसारखी निसरडी नसते. हातात धरल्यावर क्षणभरात अंगाची ऊब घेते.

मग माकी-एकडे वळावं, भिंग घेऊन. स्वस्त पेनांवरचं चित्र बहुधा जाळीतून छापलेलं असतं. त्यात सोनं असलं तरी रेघा सगळीकडे सारख्या जाड असतात. हाताने ओढलेली रेघ सुरुवातीला टोकदार, मधे भरलेली, शेवटी पुन्हा निमुळती होते. श्वासासारखी. पेन तिरप्या उजेडात धरावं, उठाव कुठे आहे ते सावलीत कळतं. टोपण लावून पाहावं, टोपणावरची फांदी खालच्या नळीवर नीट जुळते का. आणि कारागिराची सही शोधावी. ‘काओ’ म्हणतात तिला. कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत. चांगल्या पेनसोबत ‘किरी’ नावाच्या झाडाच्या हलक्या लाकडाची पेटी येते आणि तिच्यावर बहुधा कुंचल्याने लिहिलेली अक्षरं असतात. जुनं पेन घेताना ती पेटी म्हणजे त्याचा सातबाराच.

किमतीचा पल्ला मोठा आहे. साधं हिरामाकी-एचं पेन चांगल्या मोबाइल फोनच्या किमतीत येतं, सगळ्यात अवघड कामाचं मोठं पेन मोटारीच्या किमतीत. म्हणून मी मोजून चारच घेतली. प्रत्येकाच्या आधी वर्ष-दोन वर्षं नुसतं बघत राहिलो, आणि त्या बघण्यातही जमवण्याचा अर्धा आनंद होता.

हे सगळं हातांवर टिकून आहे, आणि हात कुठे तरी राहतात. उरुशीकामासाठी प्रसिद्ध असलेलं वाजिमा हे नोतो द्वीपकल्पावरचं गाव. 1 जानेवारी 2024 ला तिथे 7.6 तीव्रतेचा भूकंप झाला, बाजाराच्या भागात आग लागली, कितीतरी कार्यशाळा पडल्या, जळल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पूर आला. तिथले कारागीर तात्पुरत्या शेडमध्ये पुन्हा कामाला बसले. ही बातमी वाचली त्या रात्री मी चारही पेनं बाहेर काढून पुसली. दुसरं काय करावं, ते सुचलं नाही.

जपायचं म्हणजे फार काही करायचं नसतं. समुद्राच्या तळाशी टिकणारी उरुशी थेट उन्हापुढे मात्र हार मानते, म्हणून पेन खिडकीत ठेवायचं नाही. मऊ कापडाने पुसायचं. आणि लिहायचं. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण उरुशी फुरोतून बाहेर आल्यावर संपत नाही. ती नंतरची कितीतरी वर्षं हळूहळू कडक होत राहते आणि तिचा तपकिरीपणा उजळत जातो. जपानी माणसं म्हणतात, रंग उघडतो.

माझं तामेनुरी पेन घेऊन आता अकरा वर्षं झाली. घेतलं तेव्हा त्याच्या टोपणाची फक्त कड लाल होती. आज सकाळी खिडकीपाशी, उन्हापासून जरा लांब धरून पाहिलं, तर लाली कडेवरून आत उतरत नळीच्या मध्यापर्यंत आली आहे. कारागिराने काम संपवून पेन पेटीत ठेवलं त्याला अकरा वर्षांहून जास्त झाली, आणि त्याने जे पेरलं ते अजून उगवतंच आहे.